मोरचुदात राहिलेला माणूस: फालुनच्या खाण-संग्रहालयाचं एक प्रकरण

प्रेत सापडलं, पण गावातून बेपत्ता कोणीच नव्हतं.

1719 चा डिसेंबर. स्वीडनच्या दालार्ना प्रांतातल्या फालुन गावची तांब्याची खाण. वर्षानुवर्षं कोणी फिरकलं नव्हतं अशा, पाण्याने भरलेल्या एका जुन्या भागात कामगारांनी वाट काढली आणि तिथे त्यांना एका तरुणाचा देह मिळाला. चेहरा ओळखता यावा इतका शाबूत. कालपरवाच गेला असावा असं वाटण्यासारखा. पण कालपरवा काय, अलीकडच्या कित्येक वर्षांत कोणाच्या घरचा माणूस परतायचा राहिला नव्हता. देह वर आणला, लोक येऊन पाहून गेले आणि शेवटी एका म्हातारीने त्याला ओळखलं. तिचं नाव मार्गारेता ऊल्सडोटर. हा मात्स इस्राएलसन, त्यांचं लग्न ठरलं होतं. 1677 मध्ये तो खाणीत उतरला आणि वर आलाच नाही. मधल्या बेचाळीस वर्षांत ती म्हातारी झाली आणि तो होता त्याच वयाचा राहिला.

धिप्पाड अंगामुळे लोक त्याला ‘फेत-मात्स’ म्हणत, म्हणजे जाडा मात्स. ह्याच नावाने तो पुढे युरोपभर माहीत झाला.

फालुनला आज खाणीच्या काठावरच संग्रहालय आहे. खाणीचं काम 8 डिसेंबर 1992 रोजी कायमचं थांबलं. 2001 मध्ये खाण, गाव आणि भोवतालचा मुलूख युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. आता तिथे माणसं गोष्टी ऐकायला येतात, आणि परतताना बहुतेकांच्या डोक्यात राहते ती मात्सची गोष्ट. ह्या लिखाणात मी तेवढं एकच प्रकरण घेतलं आहे. एका खाणकामगाराचा देह गावाने, खाणीने आणि शास्त्रज्ञांनी दोनशे वर्षं कसा हाताळला आणि आज तिथे जाणाऱ्याने त्यातून काय वाचावं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मात्सची प्रेमकथा इतकी गोड आहे की तिच्यापुढे त्याचा अपघात कोणाला आठवतच नाही. खाणीच्या संग्रहालयात हे फार सहज होतं.

आधी खड्डा

संग्रहालयात शिरण्याआधी खड्डा बघावा. त्याला ‘स्तोरा स्तोतन’ म्हणतात, सरळ अर्थ ‘मोठा खड्डा’. जवळपास शंभर मीटर खोल आणि तीनशेहून जास्त मीटर रुंद. कडेला उभं राहून खाली पाहिलं की वाटतं, एवढं खणायला किती पिढ्या लागल्या असतील. पण त्या आकाराला आणखी एक कारण आहे. हा खड्डा कोसळून तयार झालेला आहे, आणि कोसळल्याची तारीखही ठाऊक आहे: 25 जून 1687, मिडसमरचा सण. तोवर तिथे तीन वेगळे मोठे खड्डे होते. त्यांच्यामधल्या खडकाच्या भिंती आणि खालची पोखरलेली पोकळी त्या दिवशी एकदम बसली आणि तिन्हींचा एक झाला. खाणीला वर्षात मोजक्याच सुट्ट्या असत, त्यातली ही एक. खाली कोणी नव्हतं. एकही माणूस दगावला नाही.

फालुनमध्ये ही गोष्ट दैवी कृपा म्हणून सांगतात, आणि ऐकताना आपणही सुटकेचा श्वास टाकतो. पण तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा. मात्स खाणीत गडप झाला 1677 मध्ये. अख्खा डोंगर बसला त्यानंतर दहाच वर्षांनी. मोठी कोसळण सुट्टीच्या दिवशी झाली हा योगायोग. डोंगर आतून पोकळ होत चालला होता, हा योगायोग नव्हता. त्या शतकात फालुनमध्ये लहानमोठ्या दरडी वरचेवर कोसळत. मात्स अशाच एका कोसळणीत सापडला. ह्या मृत्यूंना सणाची तारीख नव्हती, म्हणून त्यांची आठवण कोणी धरली नाही.

डोंगर पोकळ का झाला, हे समजायला खाणीची मालकी बघावी लागते. 16 जून 1288 चा एक दस्त आहे. वेस्तेरोसच्या बिशप पेत्रुसने ह्या तांब्याच्या डोंगरातला आठवा हिस्सा परत मिळवला, अशी त्यात नोंद आहे. जगातल्या सगळ्यात जुन्या भागभांडवली कंपनीचा जन्मदाखला म्हणून तो दाखवला जातो. (त्या कंपनीचा वारसा आजच्या ‘स्तोरा एन्सो’ ह्या कागद-लाकूड कंपनीपर्यंत पोहोचतो, 1998 मध्ये फिनलंडच्या ‘एन्सो’शी विलीनीकरण होऊन ती तयार झाली.) 1347 मध्ये राजा माग्नुस एरिक्सनने सनद देऊन खाणीचे नियम बांधून दिले. हिस्सेदारांना ‘बेरिसमान’ म्हणत. ज्याचा जेवढा हिस्सा तेवढा त्याचा दगडावर हक्क, आणि तो दगड वितळवायची भट्टी त्याची स्वतःची. म्हणजे खाण एक, पण तिच्यातून काढणारे हात अनेक. प्रत्येकाची नजर आपल्या वाट्याच्या दगडावर. छताला आधार म्हणून सोडलेल्या खांबातसुद्धा तांबंच असायचं, आणि तिथवर हात पोहोचत असताना ते सोडायचं कोणी?

त्यात राजाची घाई. 1613 च्या क्नेरेदच्या तहात स्वीडनला डेन्मार्ककडून एल्व्सबोर्गचा किल्ला सोडवून घ्यायला दहा लाख रिक्सडालर द्यायचे होते. ते 1619 पर्यंत फेडले गेले आणि त्यात तांब्याचा मोठा वाटा होता. पुढे तीस वर्षांच्या युद्धातही स्वीडिश सैन्याच्या खर्चामागे फालुनचं तांबं होतंच. 1650 मध्ये खाणीने सुमारे 3,000 टन तांबं दिलं, तिच्या इतिहासातला उच्चांक. युरोपातल्या तांब्यापैकी दोनतृतीयांश त्या काळी ह्या एका डोंगरातून येई असं मानतात. गावाला 1641 मध्ये शहराची सनद मिळाली आणि स्टॉकहोमच्या खालोखाल ते स्वीडनमधलं मोठं शहर झालं. मात्स ह्या उच्चांकानंतरच्या पिढीतला. वरच्या लोकांना सवय लागलेली चांगल्या वर्षांची, खाली डोंगर आधीच चाळण झालेला.

खाली उतरताना

पाहुण्यांना हेल्मेट आणि अंगावर घालायला झगा देतात आणि लाकडी पायऱ्यांनी खाली नेतात, जवळपास 67 मीटरपर्यंत. बाहेर उन्हाळा असो की बर्फ, आत पाच-सहा अंश. वाटेत वाटाडे ‘खाणीच्या बाईसाहेबां’ची गोष्ट सांगतात. खाणीत त्यांचं राज्य, त्यांच्यापुढे उद्धटपणा करायचा नाही. गमतीने सांगतात, पण ऐकताना लक्षात येतं की कोणावर तरी भरवसा ठेवल्याशिवाय ह्या छताखाली रोज उतरणं माणसाला जमलं नसतं.

खाली एका भिंतीवर राजघराण्यातल्या पाहुण्यांच्या सह्या आहेत. राजे आले, उतरले, सही करून गेले. ती भिंत वाटाडे आवर्जून दाखवतात आणि लोक फोटो काढतात. मी एवढंच म्हणेन की फोटो काढून झाल्यावर मागे वळून समोरचा खडक बघावा. त्याच्यावर सही नाही, पण तो जागोजाग गोलसर, काळपट, आत ओढल्यासारखा दिसतो. हे आगीचं काम. सुरुंगाची दारू रुळण्याआधीची पद्धत अशी होती: खडकाला लागून लाकडं रचायची, पेटवायची, तासन्‌तास तापवायचं. तापून दगड तडकला की धूर निवल्यावर हातोडा आणि छिन्नीने तो पाडायचा. रात्री आग, दिवसा फोडणं. एका दमात हाती येणारा थर जेमतेम वितीच्या हिशेबातला. अशा आगींचा धूर, खालची ओल आणि गंधकाचा दर्प, ह्यात माणसं काम करायची. वर दगड भाजायचे ढीग आठवडे नि आठवडे धुमसत. 1734 मध्ये कार्ल लिनेयस, ज्याने पुढे वनस्पतींना आणि प्राण्यांना दोन शब्दांची नावं द्यायची पद्धत रुळवली, तो इथे आला. ह्या धुराने आसपास हिरवं काही जगू दिलेलं नाही असं त्याने लिहिलं, आणि खालच्या दृश्याला नरकाची उपमा दिली.

लिनेयस पुन्हा येईल ह्या प्रकरणात, कारण त्याने मात्सलाही पाहिलं होतं. (फालुनशी त्याचं नातं पुढे सासुरवाडीचं झालं. तिथल्या डॉक्टरांच्या मुलीशी त्याने 1739 मध्ये लग्न केलं.)

देह टिकला कसा

तांब्याचा दगड म्हणजे तांबं, लोखंड आणि गंधक ह्यांची गाठ. हवा आणि पाणी लागलं की गंधकाचं आम्ल होतं, आणि त्याबरोबर तांब्या-लोखंडाचे क्षार पाण्यात उतरतात. मराठीत ह्या दोन क्षारांना अस्सल नावं आहेत: तांब्याचा तो मोरचूद, लोखंडाचा तो हिराकस. मोरचुदाने बुरशी मरते हे शेतीशी संबंध असलेल्या कोणालाही सांगायला नको. फालुनच्या जुन्या पोकळ्यांत साचलेलं पाणी म्हणजे ह्या दोन्हींचं पातळ द्रावण. आंबट, धातूने भरलेलं, देह कुजवणाऱ्या जिवाणूंना न मानवणारं. मात्स बेचाळीस वर्षं त्यात होता. त्याच पाण्याने खाणीतली जुनी लाकडंही टिकवली. वर गावात कुजून माती झाली असती अशी शेकडो वर्षांची तुळई खाली उभी आहे.

वर आणल्यावर मात्सचा देह हवेत सुकून कडक झाला. लोक म्हणू लागले, माणसाचा दगड झाला. 1722 मध्ये आदाम लेयेल ह्यांनी ह्या देहाचा वृत्तांत लॅटिनमध्ये छापला आणि बातमी विद्वानांपर्यंत गेली. लिनेयसने मात्र पाहून सांगितलं की दगड वगैरे काही झालेला नाही. देहावर आणि देहात क्षार मुरलाय एवढंच; तो निघून गेला की बाकी प्रेतांचं होतं तेच ह्याचं होईल.

ह्या एका वाक्यात संग्रहालयशास्त्राचा एक मोठा धडा आहे. जिथे वस्तू टिकली ती जागा सोडून ती बाहेर काढली की तिचं मरण सुरू होतं. आज कुठलाही जतनतज्ज्ञ पाण्यातून काढलेल्या लाकडाबद्दल हेच सांगेल. तेव्हा मात्र फालुनमध्ये ‘दगड झालेला माणूस’ लोकांना हवा होता आणि तो दाखवला जात होता.

प्रेताचं करायचं काय?

प्रकरणाचा गाभा इथे आहे, आणि तो एका निर्णयाचा नसून लागोपाठच्या चार निर्णयांचा आहे.

पहिला, 1719 चा: न पुरणं. ओळख पटली होती. गावात चर्च होतं, दफनभूमी होती, मेलेल्याचं लग्न जिच्याशी ठरलं होतं ती बाई समोर उभी होती. तरीही देह पुरला गेला नाही, लोकांना बघायला ठेवला. त्या काळाच्या बाजूने बोलायचं तर हे शास्त्राचं कुतूहलही होतं. अशी घटना कोणी पाहिली नव्हती आणि ती तपासायची तर देह हाताशी हवा. पण नुसत्या कुतूहलासाठी तीस वर्षं लागत नाहीत. लिनेयसने उत्तर पंधरा वर्षांतच दिलं होतं, आणि त्यानंतरही देह तिथेच राहिला. अपघातात मेलेला दुसरा कोणी कामगार असा लोकांना बघायला ठेवला गेला असता का, हा प्रश्न विचारून पाहावा. मात्सला ‘दगडा’ची किंमत आली होती. जिवंतपणी जो आठवड्याच्या मजुरीचा धनी, तो मेल्यावर खाणीची शोभा झाला.

दुसरा निर्णय 1749 चा. लिनेयसचं भाकीत खरं ठरत गेलं आणि डिसेंबरात मात्सला गावातल्या स्तोरा कोपरबेरी चर्चच्या फरशीखाली पुरलं. ह्याला मी दया म्हणणार नाही. दाखवण्याजोगं काही उरलं नाही, म्हणून दफन झालं. तरी दफन ते दफन.

तिसरा निर्णय मला सगळ्यात अस्वस्थ करतो. 1860 च्या दशकात चर्चची दुरुस्ती निघाली, फरशी उकलली, आणि मात्सचे अवशेष पुन्हा वर आले. ह्या वेळी ‘दगड झालेला माणूस’ हे आकर्षण नव्हतं, हाडं होती. शास्त्राला विचारण्यासारखं काही राहिलं नव्हतं. तरी ते पुन्हा लोकांसमोर ठेवले गेले. कारण मधल्या शंभर वर्षांत काहीतरी बदललं होतं, आणि ते फालुनमध्ये बदललं नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन लेखकांच्या हाती ही गोष्ट लागली. म्हातारी वधू, तरुण राहिलेला वर, काळ थांबवणारं पाताळ: स्वच्छंदतावादी साहित्याला ह्याहून सोयीची गोष्ट मिळणं कठीण. कथा झाल्या, कविता झाल्या, पुढे नाटकही झालं. फालुन कधीही न पाहिलेल्या माणसांना फालुनचा मात्स माहीत झाला. तेव्हा 1860 च्या दशकात जे बाहेर काढून ठेवलं ते त्या कथेचं साहित्य होतं. माणूस आता स्वतःच्याच गोष्टीचा पुरावा झाला होता.

चौथा निर्णय 1930 चा. मात्स इस्राएलसनला चर्चच्या आवारात कायमचं पुरलं. मरणानंतर दोनशे त्रेपन्न वर्षांनी.

वजन

आता संग्रहालयाच्या दालनांकडे. इथे मी भराभर जाणार आहे, कारण तिथली बहुतेक दालनं आपलं काम चोख करतात आणि त्यांच्याबद्दल तक्रार नाही. क्रिस्तोफर पोल्हेमच्या यंत्रांचे नमुने आहेत. खाणीतून माल उचलायला बैलाच्या कातड्याचे दोर लागत, ते महाग पडत आणि झिजत, म्हणून दोराशिवाय आकड्यांच्या दांड्यांवर पिंप वर चढवत नेणारं यंत्र ह्या गृहस्थाने सतराव्या शतकाच्या शेवटी बसवलं. यंत्रांचे नमुने बघताना मुलं सगळ्यात जास्त रमतात. शिवाय कोरे नावाच्या बोकडाची गोष्ट आहे, तांबड्या मातीत शिंगं घासून तो घरी आला आणि खाण सापडली, अशी. प्रत्येक जुन्या खाणीला असं एखादं जनावर लागतंच.

थांबावं ते नाण्यांपाशी. 1644 मध्ये स्वीडनने तांब्याच्या पाट्यांची नाणी पाडायला सुरुवात केली. चांदी तुटपुंजी, तांबं अमाप. आणि नाण्याची किंमत तेवढ्याच धातूत भरायची असा हिशेब. परिणाम असा की 10 डालरचं नाणं 19.7 किलोचं झालं. एक नाणं. ते खिशात जात नाही, त्याला गाडी लागते. ह्या ओझ्याने व्यापारी कंटाळले, आणि योहान पाल्मस्त्रुकच्या स्टॉकहोम बँकेने 1661 मध्ये युरोपातल्या पहिल्या कागदी नोटा काढल्या. नोटा जास्त छापल्याने बँक बुडाली, आणि 1668 मध्ये आज चालू असलेल्या जगातल्या सगळ्यात जुन्या मध्यवर्ती बँकेची, स्वीडनच्या रिक्सबँकेची, पायाभरणी झाली. एका डोंगरातून निघालेल्या धातूच्या वजनाने एका देशाला कागदी पैशाकडे ढकललं. ही साखळी संग्रहालयात उभं राहून समजते तशी पुस्तकात समजत नाही, कारण समोर ती पाटी असते आणि ती उचलायला किती माणसं लागतील हा अंदाज आपले खांदे करतात.

पण त्या पाटीपाशी उभं राहून मला मात्सचं प्रकरण पुन्हा आठवतं. ह्या संग्रहालयात तांब्याचं वजन दाखवता येतं. हिस्सेदारांचे दस्त आहेत, राजाची सनद आहे, यंत्र बांधणाऱ्याचं नाव आहे, भेट देणाऱ्या राजांच्या सह्या आहेत. खडक फोडणाऱ्याचं काय आहे? त्याची हत्यारं. क्वचित त्याचं जेवणाचं भांडं. नाव नाही. नावानिशी, गावानिशी, कोणाशी लग्न ठरलं होतं इतक्या तपशिलासह सामान्य पाहुण्याला जो कामगार माहीत होतो तो एकच, मात्स. आणि तोही कळतो तो मोरचुदामुळे. त्याच्या शेजारी, त्याच वर्षांत, कोरड्या जागी दरड अंगावर येऊन मेलेला माणूस कुजला आणि पुसला गेला.

ह्यात संग्रहालयाचा दोष किती? थोडाच, खरं तर. संग्रहालयात तेच येतं जे टिकलं, आणि टिकतं ते ज्याच्याकडे कागद, धातू किंवा पैसा होता त्याचं. दोष असलाच तर टिकलेल्यालाच पूर्ण चित्र मानण्यात आहे, आणि त्यात पाहुणाही भागीदार असतो.

देह नसताना

1930 च्या दफनाने एक विचित्र अडचण उभी केली. गावाची सगळ्यात गाजलेली गोष्ट आता दाखवता येत नाही. संग्रहालयाच्या भाषेत मुख्य ‘वस्तू’च नाही. माझं मत असं की हीच ह्या प्रकरणातली सगळ्यात चांगली गोष्ट घडली. मानवी अवशेष दाखवावेत की नाही ह्यावर जगभर संग्रहालयांत वाद चालू आहेत. नाव माहीत असलेल्या माणसाच्या बाबतीत हा वाद मला फारसा अवघड वाटत नाही: नाव आहे, गाव आहे, दफनभूमी आहे, मग पुरा. फालुनने ते उशिरा का होईना केलं.

पण देह गेल्यावर उरली फक्त गोष्ट, आणि गोष्टीवर पहारा कोण देणार? एखादा वाटाड्या पायऱ्यांवर थांबून मात्सची कहाणी सांगतो तेव्हा ती हमखास मार्गारेताच्या डोळ्यांतल्या पाण्यावर येऊन संपते. ऐकणारे गप्प होतात. त्या शांततेत कोणी विचारत नाही की 1677 च्या त्या दिवशी हा माणूस त्या भागात एकटाच का होता. त्याला शोधायला किती जण उतरले, किती दिवस शोधलं, आणि मग कोणी थांबवलं. बेचाळीस वर्षं त्या भागाकडे कोणी फिरकलं नाही ते पाण्यामुळे, धोक्यामुळे, की तिथे काढण्याजोगं तांबं उरलं नव्हतं म्हणून. हे प्रश्न विचारले की प्रेमकथा अपघाताच्या पंचनाम्यात बदलते, आणि पंचनामा ऐकायला कोणी तिकीट काढत नाही. म्हणून माझा सल्ला साधा आहे. वाटाड्याची गोष्ट ऐकून झाली की हात वर करा आणि विचारा, ‘त्या दिवशी त्याच्याबरोबर कोणीच का नव्हतं?’ फालुनचे वाटाडे जाणते असतात. असा प्रश्न आला की तीच खाण ते वेगळी दाखवतात.

मार्गारेताबद्दलही एक बोलायला हवं. गोष्टीत तिचं काम ओळख पटवण्यापुरतं. ती येते, ओळखते, रडते, जाते. पण नीट पाहिलं तर ती अशी साक्षीदार आहे जिने मात्सला जिवंत असताना पाहिल्याचं आपल्याला नक्की ठाऊक आहे. बाकीच्यांनी, लेयेलने, लिनेयसने, जर्मन लेखकांनी, चर्चच्या गवंड्यांनी, एक प्रेत पाहिलं किंवा त्याच्याबद्दल ऐकलं. तिने माणूस पाहिला होता. तिने त्याला ओळखलं नसतं तर तो ‘फालुनचा दगडमाणूस’ एवढाच राहिला असता, निनावी, एखाद्या वैद्यकशाळेच्या कपाटात. नावानिशी पुरला गेला तो तिच्यामुळे.

संग्रहालयातून निघताना दुकानात छोटे तांबडे डबे दिसतात. फालुनचा लाल रंग. खाणीच्या टाकाऊ मातीतल्या लोखंडाच्या गंजातून तो होतो. सोळाव्या शतकापासून माहीत आहे, 1764 पासून त्याचा कारखाना आहे आणि खाण बंद झाल्यावरही चालू आहे. स्वीडनभर शेतघरं ह्याच रंगाने रंगलेली दिसतात. करायची कृती जुनीच: रंगाची पूड, पाणी, राईचं पीठ, जवसाचं तेल, आणि लाकूड कुजू नये म्हणून हिराकस. तो क्षार एका माणसाला बेचाळीस वर्षं टिकवू शकला हे डब्यावर लिहिलेलं नसतं.